बदलापूरनंतरची पाने

२० ऑगस्ट २०२४, मंगळवार. अंबरनाथ
बदलापूरला सकाळपासून लोक रुळांवर उतरलेत. तिकडची मुलं आज माझ्याकडे उपचाराला आली नाहीत, फोन मात्र थांबेनात. बालवाडीतल्या दोन मुलींवर शाळेतल्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचं बाहेर आल्यापासून प्रत्येक आईचा एकच प्रश्न : "मुलीला विचारू कसं?" उलटतपासणी नको, असं सांगते. "त्या काकांनी हात लावला का?" म्हटलं की चार वर्षांचं मूल आईचा चेहरा बघून उत्तर देतं. "आज शाळेत काय काय झालं?" एवढं पुरे. मग आपण गप्प बसायचं.

२२ ऑगस्ट
उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. दुसऱ्या मुलीच्या जबाबाला उशीर झाला म्हणून पोलिसांना खडसावलं. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावा, असं त्यात स्पष्ट आहे. कायदा शहाणा आहे. पोलीस ठाण्यातल्या बाकापर्यंत पोहोचायला त्याला वेळ लागतो.

३० ऑगस्ट
जुन्या एका प्रकरणातली मुलगी. नाव, वय, शाळा या वहीतही लिहीत नाही. कित्येक आठवडे तिचा एकच खेळ : बाहुलीला डब्यात कोंडायचं, झाकण घट्ट लावायचं. "ही तू आहेस का?" असं मी कधीच विचारत नाही. आज तिने डब्याशेजारी हत्ती ठेवला. पहाऱ्याला, म्हणाली.
मग 'थांब'चा खेळ. मी चेंडू घेऊन पुढे सरकते, ती "थांब" म्हणाली की जागच्या जागी उभी. आपल्या शब्दाने मोठं माणूस थांबतं, हे तिच्या अंगात मुरायला हवं. सांगून ते मुरत नाही. आधी झोप, श्वास, धडधडणारी छाती. घडलेल्या गोष्टीकडे नंतर वळायचं, चित्रांतून, तिला झेपेल तेवढंच.
"कुणाला सांगणार नाही," असं वचन मी कुठल्याच मुलाला देत नाही. अत्याचार कळला की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. वचन देऊन मोडलं तर फसवणाऱ्या मोठ्यांत आणखी एकीची भर.
उरलेला वेळ आईचा. "मॅडम, विसरेल ना ती?" बहुधा नाही. पण आठवण आली तरी जेवण, झोप, शाळा सुटणार नाही, इथवर नेता येतं. 'मलाच कसं कळलं नाही' हे रडणं मात्र माझ्यासमोर करा, तिच्यासमोर नको, असं त्यांना सांगितलं.

२४ सप्टेंबर
काल संध्याकाळी बदलापूर प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला. बदलापुरात मिठाई वाटली म्हणे. माझं मत फारसं कुणाला रुचणार नाही. खटला चालून न्यायाधीशांनी 'मुली खरं बोलल्या' असं निकालात लिहायला हवं होतं. त्याच्याविरुद्ध तसा निकाल आता लागणार नाही.
शेजारपाजारच्यांना एकच विनंती : त्या मुलींची घरं शोधत फिरू नका. आणि आपल्या मुलाने काही सांगितलं, तर एकदाच नीट ऐका, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि मुलांसाठीच्या १०९८ या मदतक्रमांकाला फोन करा.