पुलावरून येणारा पैसा

आमच्या आजीच्या नथीतील मोत्यांना घरात 'बसराई मोती' म्हणत. पुढे वाचनात आले की, बसरा हे पेठेचे नाव; त्या नावाने विकले जाणारे कित्येक मोती बहरीनच्या समुद्रातून निघत आणि मुंबईस येऊन तेथे पारखले व विंधले जात. तेव्हापासून या चिमुकल्या बेटांविषयी मला कुतूहल वाटत आले आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये मनामा-तेल अवीव अशी नियमित विमानसेवा सुरू झाली, तेव्हा ते अधिकच वाढले.

बहरीनची कथा मोठी उद्बोधक आहे. १९३० च्या सुमारास जपानचे संवर्धित मोती बाजारात आले, त्यात जागतिक मंदीची भर पडली आणि बहरीनचा पिढीजात धंदा बुडाला. दैवयोगाने १९३२ साली तेथे तेल लागले. परंतु शेजाऱ्यांच्या मानाने ते थोडेच. नोव्हेंबर १९८६ मध्ये सौदी अरबस्तानला जोडणारा सुमारे २५ किलोमीटरचा किंग फाहद पूल खुला झाला आणि उत्पन्नाचे नवे दार उघडले. जेमतेम १५ लाख वस्तीच्या या देशात २०१९ साली एक कोटीहून अधिक पाहुणे आले. त्यांतील बहुतेक या पुलावरूनच आले.

पाहुण्याने खर्चिलेला दिनार ही एक प्रकारे निर्यातच होय. पूर्वी मोती परदेशी जाऊन पैसा येई. आता गिऱ्हाईकच दारी येते. मात्र शिरगणती फसवी असते. सकाळी येऊन रात्री परतणारा एका जेवणाचे पैसे देतो. चार रात्री राहणारा हॉटेल, टॅक्सी, दुकानदार अशा अनेकांना पोसतो. शिवाय आलेल्या पैशातील काही भाग आयात मालापायी आणि परदेशी कामगारांच्या पगारांतून पुन्हा बाहेर जातो.

दुसरा धोका याहून मोठा. २०१८ पर्यंत सौदी कुटुंबे चित्रपट पाहण्यासाठीही पूल ओलांडीत. त्या वर्षी त्यांच्याच देशात चित्रपटगृहे उघडली. मार्च २०२० मध्ये साथीमुळे पूलच बंद झाला आणि सौदी पाहुण्यांसाठी तो मे २०२१ मध्ये खुला झाला. मोत्यांच्या वेळी जपानने जे केले, ते येथे शेजाऱ्याच्या एका निर्णयाने होऊ शकते.

वाचकहो, हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. माझा धाकटा भाऊ मृत समुद्राकाठच्या एका हॉटेलात नोकरीस आहे. २०२० साली तो कित्येक महिने बिनपगारी रजेवर घरी बसून होता. ऑक्टोबर २०२३ नंतर परदेशी प्रवासी पुन्हा येईनासे झाले आणि मनामाची विमानेही थांबली. पाहुणचारावर चालणाऱ्या घराने, मग ते कुटुंब असो वा राष्ट्र, चांगल्या दिवसांतच दुसऱ्या मिळकतीची तजवीज करून ठेवावी. किती पाहुणे आले, यापेक्षा ते न आल्यास आपली चूल किती दिवस पेटेल, हा हिशेब अधिक महत्त्वाचा आहे.