रबरबँडची खूण

बाईंचा उजवा हात गेल्या वर्षापासून थरथरतो. घाबरण्यासारखं काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण विज्ञान शिकवणाऱ्या माणसाच्या हाताला कंप सुटला, की त्याची बातमी सगळ्यात आधी वर्गाला लागते. यंदा ऑगस्टात आठवीच्या वर्गात त्या पेटत्या मेणबत्तीवर काचेचा पेला पालथा घालत होत्या. एरवी हा पेला झटकन खाली येतो. त्या दिवशी तो ज्योतीवर अडखळला, पुन्हा वर गेला आणि मग परातीतल्या रंगीत पाण्यात टेकला. मेणबत्ती विझली, पाणी चढलं आणि पेल्याला लावलेल्या रबरबँडच्याही वर बोटभर गेलं.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, आज हवेत ऑक्सिजन जास्त आहे का?"

वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "खाली बस."

हे दोन शब्द त्यांना अजून टोचतात. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात वर्गातले तास ध्वनिमुद्रित करून दाखवून दिलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले, तर मुलांची उत्तरं लांबतात आणि गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. बाईंनी हे एका शिबिरात ऐकलं होतं, वहीत लाल शाईनं उतरवून घेतलं होतं. पण ज्या दिवशी खरा प्रश्न आला, त्या दिवशी त्या एक सेकंदही थांबल्या नाहीत.

रबरबँडची गोष्ट त्या आता कुणालाही सांगतात, लपवत नाहीत. पेल्याच्या उंचीचा पाचवा भाग मोजून त्यांनी तो लावला होता. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के. मेणबत्ती तो संपवते. रिकाम्या जागेत पाणी चढतं आणि बरोबर खुणेवर थांबतं. सव्वीस वर्षं ते थांबत होतं, कारण बाईंनी ते थांबवलं होतं. पाच-सहा पेले करून पाहिल्यावर हा एक अरुंद, उंच पेला सापडला. मेणबत्ती किती बुटकी हवी, पेला किती चपळाईनं टेकवायचा, सगळं ठरून गेलं. शिक्षकांच्या बोलीत याला 'प्रयोग जमवणं' म्हणतात आणि ज्याला जमतो त्याचं कौतुक होतं. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात याच प्रयोगाला शिक्षक गटात पहिला क्रमांक मिळाला होता. प्रमाणपत्र बैठकीच्या खोलीत फ्रेम करून लावलेलं आहे. पाहुणे आले की त्यांची नजर तिकडे जाईल अशी खुर्ची मांडायची बाईंना सवय होती. हेही त्याच सांगतात.

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर त्या प्रयोगशाळेत एकट्या बसल्या. एक मेणबत्ती, मग दोन, मग तीन. पाणी दर वेळी आधीपेक्षा वर. ऑक्सिजन संपल्यामुळे पाणी चढत असेल तर मेणबत्त्या किती हा प्रश्नच उरायला नको. पेल्यातला ऑक्सिजन तेवढाच आहे. शिवाय पाणी ज्योत जळताना फारसं हलत नाही, विझल्यावर झपकन चढतं. आणि पेला टेकताना काठाखालून निघणारे बुडबुडे! सव्वीस वर्षं ते दिसत होते. कुणी विचारलं, तर "पेला नीट टेकला नाही" एवढंच उत्तर मुलांना मिळायचं.

बुडबुडे म्हणजे तापून फुगलेली, बाहेर पडणारी हवा. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. हात अडखळल्यामुळे त्या दिवशी हवा जास्त तापली, म्हणून पाणी जास्त चढलं. ऑक्सिजन संपलेला नसतोच. तो सुमारे १६ टक्क्यांवर आला की मेणबत्ती विझते. त्यातही मेण जेवढा ऑक्सिजन घेतं, त्याच्या साधारण दोन तृतीयांश आकारमानाचा कार्बन डायऑक्साइड परत देतं. वाफ धरली नाही, तर शंभर भाग हवेतून जेमतेम दोन भाग कमी होतात. बाईंच्या रबरबँडपर्यंत पाणी चढवत होती ती उष्णता. हा गैरसमज किती चिवट आहे यावर अमेरिकेतल्या रसायनशिक्षणाच्या नियतकालिकात १९९९ सालीच लेख आला होता, हे त्यांना नंतर कळलं.

चूक एका वर्गापुरती असती तर त्यांनी ती फळ्यावर दुरुस्त केली असती. पण बाई तालुक्याच्या तज्ज्ञ मार्गदर्शक होत्या. एका उन्हाळ्यात बेचाळीस शिक्षकांना त्यांनी हाच प्रयोग रबरबँडसकट शिकवला. प्रशिक्षणाची उतरंड सगळ्यांना ठाऊक आहे: राज्यावरून जिल्ह्यावर, जिल्ह्यावरून तालुक्यावर, तिथून केंद्रावर. प्रत्येक पायरीवर वेळ कमी होतो, साहित्य कमी होतं, वाढतो तो बोलणाऱ्याचा आत्मविश्वास. बेचाळीसपैकी एकालाही पेल्याला हात लावायची संधी मिळाली नव्हती. सगळे बघत होते आणि बाईंना ते बघणं आवडत होतं.

याच्या नेमकं उलट काम मध्य प्रदेशात होऊन गेलं. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांत विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. तिथे शिक्षक प्रशिक्षणाला आले की आधी स्वतः प्रयोग करत, चुकत, एकमेकांशी भांडत. महिन्याच्या बैठकीत वर्गात काय फसलं ते मांडलं जाई. मुलं 'सवालीराम' या काल्पनिक माणसाला पत्रानं प्रश्न विचारत आणि त्यांना उत्तरं जात. पुण्यात टेल्कोमध्ये असलेले अरविंद गुप्ता १९७८ साली रजा घेऊन तिथे गेले आणि पुढे खेळण्यांतून विज्ञान हेच त्यांचं काम झालं. २००२ मध्ये सरकारनं तो कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं चाललेली गोष्ट एका निर्णयानं थांबली, याची हळहळ बाईंना तिथे कधी न जाताही वाटते.

पुण्याला आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्या एकदा जाऊन आल्या होत्या. पिशवी भरून खेळणी आणली. तिथल्या लोकांनी खेळणं हातात देऊन आधी "हे असं का होतं?" असं विचारलं होतं, तो प्रश्न मात्र बाईंनी सोबत आणला नाही.

आताच्या प्रशिक्षणांबद्दल त्या स्पष्ट बोलतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकानं वर्षाला पन्नास तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं आहे. तास हवेतच. पण मोबाइलवर व्हिडिओ सुरू ठेवून पोळ्या लाटायच्या, शेवटी चाचणी द्यायची आणि प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं, यात हाताला काही मिळत नाही. मुलांच्या बाबतीतही तेच. सहावी आणि नववीसाठीची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा चांगली आहे. तिच्यात प्रात्यक्षिकही असतं, प्रकल्पही असतो. पण तिच्या तयारीचे महागडे क्लास निघाले आणि तिथे प्रात्यक्षिकही पाठ करून घेतात. मागच्या बाकावरच्या मुलीला अशा क्लासची फी परवडत नाही. तालुक्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तिनं विचारला, असं बाईंचं ठाम मत आहे.

आता त्या एकाच गोष्टीपाशी अडल्या आहेत. हवेत खरंच पाचवा भाग ऑक्सिजन आहे हे दाखवायला ओल्या परीक्षानळीत लोहकीस चिकटवून ती पाण्यात उलटी ठेवतात. लोखंड गंजतं, काही दिवसांत पाणी पाचव्या भागापर्यंत चढतं. हा प्रयोग खरा आहे. पण तो पाहिला की मुलं म्हणतात, "म्हणजे मेणबत्तीचंही बरोबरच होतं की!" गरम पाण्यानं पेला तापवून, मेणबत्तीशिवायच पाणी चढवून दाखवलं, तर म्हणतात, "पण मेणबत्ती विझते ना, मग ऑक्सिजन संपलाच." दोन कारणं मुलांच्या मनात वेगळी होतच नाहीत. खोटी खूण इतकी वर्षं खऱ्या आकड्यावर बसवल्याचं हे फळ, असं बाई म्हणतात.

नोव्हेंबरात त्यांनी एका मोठ्या बरणीत दोन्ही एकत्र केलं. आतून ओल्या भिंतीला लोहकीस, मध्ये मेणबत्ती. बरणी त्या मुलीनं पालथी घातली, हात बाईंचा नव्हता. ज्योत विझली, बरणी गार झाली, मुलीनं पाण्याच्या पातळीवर पेननं रेघ मारली. चौथ्या दिवशी पाणी रेघेच्या चांगलंच वर होतं. मेणबत्ती विझल्यावरही आत ऑक्सिजन होता, तो लोखंडानं घेतला. अर्ध्या वर्गाला पटलं. उरलेल्या अर्ध्यांसाठी बाई अजून काहीतरी शोधत आहेत.

संध्याकाळी त्या जुनी हजेरी काढून फोन करतात. बेचाळीसपैकी सतरा जण सापडले. तिघे निवृत्त झाले, एकानं "एवढं काय त्यात" म्हणून फोन ठेवला, दोघांनी त्याच रात्री घरी करून पाहिलं. बाकीचे पंचवीस जण कुठल्या ना कुठल्या शाळेत असतील. त्या उन्हाळ्यात त्या वर्गात बसलेल्या कुणी हे वाचत असेल, तर उद्या परात, पेला आणि एकाऐवजी दोन मेणबत्त्या घ्याव्यात, अशी बाईंची विनंती आहे. पेल्याला रबरबँड लावू नये.