परसातल्या लाह्या

मक्याच्या लाह्यांसाठी मका वेगळाच लागतो. उकडून खायचा गोड मका वाळवला तरी नीट फुलत नाही. लाह्यांचे दाणे बारीक आणि सालीला टणक. किराणा दुकानातले सुटे दाणेही उगवतात. पाकिटातले औषध लावलेले रंगीत बियाणे मात्र फक्त पेरायचे, तोंडात टाकायचे नाही.

*

जूनमध्ये जमीन चांगली भिजली की टोकायचे. ओळींत हातभर, दाण्यांत वीतभर अंतर. कुंपणाला धरून एकच ओळ लावू नये, चौकोनी वाफा करावा. मक्याचे परागण वाऱ्यावर चालते. तुऱ्यातला पराग कणसाच्या केसांवर पडला पाहिजे. एक केस, एक दाणा. ज्या केसाला पराग मिळाला नाही त्याची जागा कणसावर रिकामी राहते. हे कळल्यापासून गच्च भरलेले कणीस हातात आले की मी ते आधी नुसते फिरवून पाहते. केवढे जुळून आलेले असते!

*

२०१८ पासून आपल्याकडे मक्याला लष्करी अळी लागली आहे. सकाळी पोंग्यात डोकवायचे, भुशासारखी विष्ठा दिसली की अळी वेचून काढायची. वाफ्यापुरते हे जमते. एकरांनी मका घेणाऱ्याच्या जिवाला किती घोर असेल!

*

कणसे ताटावरच वाळू द्यावीत, मग सोलून सावलीत टांगावीत. दाण्यात साधारण १४ टक्के ओल हवी. दाणा १८० अंशांच्या आसपास तापला की त्या ओलीची वाफ साल फोडते. ओल जास्त राहिली तर लाही चिवट, फार कमी झाली तर कढईत गणंगच उरतात. म्हणून अधूनमधून चार दाणे फोडून बघावेत.

*

पेरूच्या किनाऱ्यावर सुमारे ६७०० वर्षांपूर्वीच्या मक्याच्या लाह्यांचे अवशेष सापडले आहेत. आपल्याकडे मका फार उशिरा आला. लाह्या त्याआधीही होत्या: नागपंचमीला ज्वारीच्या, लक्ष्मीपूजनाला साळीच्या, बत्ताशांबरोबर. ताप उतरल्यावर आई साळीच्या लाह्यांचे पाणी द्यायची, चिमूटभर मीठ घालून. पोटात पहिले तेच टिकायचे. आणि तापल्या वाळूत ज्वारी फोडणारा भडभुंजा! दिवसभर भट्टीची धग सोसायची आणि हातात द्यायची ती इतकी हलकी, स्वस्त पुडी. त्या माणसाचे आपण कधी आभार मानले?

*

लोखंडी कढई, चमचाभर तेल, मीठ, हळद. घरच्या लाह्यांना आणखी काही लागत नाही. पहिला दाणा फुटेपर्यंत घरातले सगळे ओट्याशी उभे असतात.

*

तुम्हीही यंदा मूठभर दाणे टोका. कणसे आली की सगळी फोडू नका. बियाणे संकरित नसेल तर सर्वांत भरलेले कणीस पुढच्या जूनसाठी ठेवा आणि त्यातले थोडे दाणे शेजाऱ्यांनाही द्या.