दोन फुटांतला संसार

ठाण्यात, डोंबिवलीत किंवा कल्याणला घर बघायला गेलं की आपण पहिला प्रश्न विचारतो तो कार्पेट एरियाचा. बिल्ट-अप, सुपर बिल्ट-अप हे सगळं ब्रोकरने कितीही रंगवून सांगितलं, तरी पलंग कुठे मावणार आणि कपाटाचं दार पूर्ण उघडणार का, हे ठरतं कार्पेटवरच. फिश टँकचंही अगदी तसंच आहे. दुकानदार आपल्याला लिटर सांगतो, मासे मात्र तळ मोजतात. निदान सिक्लिड तरी!

सिक्लिड हे घराणं भलतंच मोठं. एंजलफिश, ऑस्कर, डिस्कस, वास्तुशास्त्राच्या नावाखाली कित्येक दिवाणखान्यांत शिरलेला, कपाळावर टेंगूळ मिरवणारा फ्लॉवरहॉर्न आणि मासळीबाजारातली आपली चिलापी, हे सगळे त्याच कुळातले. केरळने २०१० मध्ये राज्यमासा म्हणून जाहीर केलेला करिमीन, म्हणजेच गोव्याचा काळुंदर, हासुद्धा सिक्लिडच. या कुळाची दोन वैशिष्ट्यं. एक, हे मासे पिल्लांची मनापासून काळजी घेतात. दोन, स्वतःच्या जागेसाठी जीव तोडून भांडतात. थोडक्यात, सोसायटीतले सभासद. त्यातले जे जेमतेम दोन ते चार इंच वाढतात, त्यांना ड्वार्फ सिक्लिड म्हणतात. आकाराने लहान, स्वभावाने अजिबात नाही.

माझ्या आयुष्यात हे बुटके आले ते बाबांमुळे. आई गेल्यानंतर डोंबिवलीच्या वन बीएचकेमध्ये आम्ही दोघंच उरलो. मी सकाळच्या फास्टने निघणार आणि रात्री आठ-साडेआठला किल्ली फिरवणार. मधले बारा तास बाबा, टीव्ही आणि भिंतीवरचं घड्याळ. बाबांनी कल्याणच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं. समोर चाळीस पोरं असण्याची सवय असलेल्या माणसाला एकदम रिकामी खोली मिळाली. कुत्रा सोसायटीला चालणार नव्हता, मांजर बाबांना. मासे आणू या म्हटल्यावर ते म्हणाले, ‘‘मासा ताटात शोभतो.’’ मूळचे मालवणचे, दुसरं काय म्हणणार?

मला नुसते इकडून तिकडे फिरणारे रंगीत मासे नको होते. ज्यांच्याकडे बघत बसावं, ज्यांच्या घरात रोज काहीतरी घडतंय असे हवे होते. आणि एक गोष्ट नक्की होती. बाबांच्या डोळ्यांदेखत एकाने दुसऱ्याला मारलंय, हे दृश्य त्या घरात नको होतं. आमच्याकडे एक खुर्ची नुकतीच रिकामी झाली होती.

आधी पाणी कुठलं ते बघा

बहुतेक लोक आधी मासा पसंत करतात आणि मग त्याला आपल्या पाण्यात बसवायला बघतात. त्यापेक्षा नळाला जे पाणी येतं, त्याला मानवणारा मासा शोधणं कितीतरी सोपं. कल्याण-डोंबिवलीला महापालिकेचं पाणी येतं ते उल्हास नदीचं, एमआयडीसीच्या भागात बारवी धरणाची कृपा, ठाण्याचा मोठा आधार भातसा. पावसाच्या पाण्यावर भरणारे हे साठे, त्यामुळे पाणी साधारण मऊ. याउलट घोडबंदर रोडच्या टॉवरांत उन्हाळ्यात टँकर लागतो किंवा बोअरचं पाणी मिसळलं जातं. ते बहुधा जड. शाळेत आपण ज्याला दुष्फेन म्हणायचो, साबणाला फेस न येणारं, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर धरणारं, ते हे पाणी. बादलीकडे बघून अंदाज येतो, पण थेंब टाकून पीएच आणि हार्डनेस मोजायची किट्स दुकानात मिळतात. ती आधी घ्या, मासे नंतर.

आमच्या घरचं पाणी मऊ निघालं आणि डोंबिवलीचा उकाडा तर फुकटच होता. म्हणून आमची निवड झाली रॅम. व्हेनेझुएला आणि कोलंबियातल्या ओरिनोको नदीच्या गवताळ सपाट प्रदेशातला हा दोन इंची मासा. निळे ठिपके, पिवळसर अंग, डोळ्यातून खाली गेलेली काळी रेघ. नाव रॅम म्हणून कुणी मेंढा शोधू नका. मॅन्युएल रामिरेझ या मासे गोळा करणाऱ्याच्या नावावरून १९४८ मध्ये त्याचं शास्त्रीय नामकरण झालं. याला २७ ते ३० अंशांचं पाणी आवडतं. त्यामुळे आपल्याकडे हीटर लागतो तो डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींपुरता.

माझी ऑफिसमधली मैत्रीण घोडबंदरला राहते. तिचं पाणी जड. तिच्या सासूबाईंना सुख-समृद्धीसाठी फ्लॉवरहॉर्न हवा होता. मी तिला एवढंच सांगितलं, की तो फूटभर वाढतो आणि दोन फुटी टाकीत त्याला धड वळताही येणार नाही. समृद्धी तर दूरच. त्याऐवजी तिने आणले शेल ड्वेलर, हौशी लोकांच्या भाषेत ‘मल्टी’. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातले हे दीड-दोन इंची सिक्लिड रिकाम्या शंखांत राहतात. प्रत्येकाचा स्वतंत्र शंख, म्हणजे चाळीतल्या खोल्याच. दार आपलं, गॅलरी सगळ्यांची. यांना जड, अल्कलीयुक्त पाणीच लागतं. अलिबागहून आणलेले शंख उकळून, स्वच्छ करून तिने वाळूवर पसरले आणि कॉलनी वसली. तेच शंख-शिंपले रॅमच्या टाकीत शोभेला टाकले, तर हळूहळू विरघळून पाणी जड करतात. एकाचं घर ते दुसऱ्याचं दुखणं.

मग तळ मोजा

आपल्या घरांत टीव्हीशेजारी मावते ती टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. पाणी साधारण ५६ लिटर. काच आणि वाळू धरून वजन सत्तर किलोच्या पुढे, तेव्हा टीपॉयवर ठेवायचा विचारही करू नका. या टाकीचा तळ भरतो दोन चौरस फूट. ड्वार्फ सिक्लिडचा सगळा संसार तळाशी चालतो. उंच, निमुळती टाकी घेतली तर लिटर वाढतात, जागा वाढत नाही.

नदीत हरलेला मासा पळून जातो आणि भांडण संपतं. दोन फुटांच्या टाकीत पळायला जागाच नसते. म्हणून तिथे जिंकणारा थांबत नाही आणि हरणारा वाचत नाही. कंपॅटिबिलिटी म्हणतात ती एवढीच: हरणाऱ्याला नजरेआड व्हायला जागा आहे का? कल्याणच्या एका सहकाऱ्याला दुकानदाराने ‘‘सब चलेगा साब, मिक्स डालो’’ म्हणत पाच रंगांचे पाच सिक्लिड दिले. तीन आठवड्यांनी एक उरला. तो मात्र अगदी तब्येतीत होता.

त्यामुळे दोन फुटांत सिक्लिडची एकच जात आणि एकच जोडी. हा हिशेब बाबांना लगेच पटला. ‘‘वन बीएचकेत दोन बिऱ्हाडं कशी राहतील?’’

आडोसा करायला महागडं सामान लागत नाही. नारळाची करवंटी तासून, उकळून, कडेला छोटं दार पाडून उलटी ठेवली की गुहा तयार. संक्रांतीची न रंगवलेली सुगडं आडवी ठेवली तरी चालतात. मध्ये दगड आणि झाडं अशी लावायची, की या कोपऱ्यातून तो कोपरा दिसू नये. सोसायटीच्या आवारातल्या देशी बदामाची गळालेली, लाल झालेली पानं धुऊन, वाळवून टाकली की पाण्याला फिकट चहाचा रंग येतो. ॲमेझॉनकडच्या माशांना असं पाणी मानवतं.

आणि घाई नको. नव्या टाकीत माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वसायला चार ते सहा आठवडे लागतात. रॅम या बाबतीत फार नाजूक. आमची टाकी सहा आठवडे पाणी, झाडं आणि फिल्टर एवढ्यावरच चालली. अमोनियासाठी रोज चिमूटभर माशांचं खाणं मात्र त्यात पडत होतं. शेजारच्या काकू रोज विचारायच्या, ‘‘मासे कुठे लपलेत?’’ बाबा म्हणायचे, ‘‘शाळा बांधून झाली आहे, ॲडमिशन सुरू व्हायचीत.’’

जोडी कशी ओळखायची?

सातव्या रविवारी आम्ही दुकानात गेलो. रॅमच्या बाबतीत एक नर आणि एक मादी आणली म्हणजे जोडी झाली, असं नाही. त्यांचं एकमेकांशी जमावं लागतं. पत्रिका इथे चालत नाही, सहवास चालतो. मादीचं पोट गुलाबी असतं आणि अंगावरच्या काळ्या डागात निळे ठिपके चमकतात. नराच्या पाठीवरच्या पराचे पुढचे काटे लांब असतात. रंग अंगावर येईल इतका भडक असेल तर जरा सावध राहा. विक्रीसाठी मासे रंगीत दिसावेत म्हणून हार्मोन दिल्याचे प्रकार या धंद्यात होतात.

मी ही सगळी थिअरी सांगत होतो. बाबा काही न बोलता स्टूल घेऊन टाकीसमोर बसले. तासभर बसले. दुकानदार वैतागला, मी दोनदा चहा घेतला. शेवटी त्यांनी बोट दाखवलं. ‘‘ती दोन. बाकीच्यांना हाकलतायत आणि एकमेकांना हाकलत नाहीयेत. एका बाकावर बसणारी आहेत.’’ कुठल्याही पुस्तकात जोडी निवडण्याची याहून चांगली पद्धत मी वाचलेली नाही.

पहिल्या तीन वेळा त्या जोडीने सपाट दगडावर अंडी घातली आणि स्वतःच खाऊन टाकली. तरुण रॅममध्ये हे नेहमीचंच. बाबा जुन्या शालेय डायरीत तारखा लिहायला लागले. चौथ्या वेळी सकाळी अकराला ऑफिसात फोन आला. मीटिंगमध्ये होतो, तरी उचलला. बाबांचा फोन त्या वेळी येत नसे. ‘‘अरे, पोरं फिरायला निघाली. आई पुढे, बाप मागे. मी मोजतोय, पण हलतात.’’ आई गेल्यानंतर सलग पाच मिनिटं बोललेले बाबा मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

रॅमचं आयुष्य दोन-तीन वर्षांचंच. ती जोडीही गेली, आधी मादी, मग नर. मी धास्तावलो होतो. बाबांनी डायरी मिटवली, पंधरा दिवस टाकीत नुसते टेट्रा फिरू दिले आणि मग एका रविवारी स्वतःच चप्पल घालून दुकानात गेले. आता बिल्डिंगमधलं कुणी ‘कुठला मासा आणू?’ असं विचारायला आलं, की गणिताचे सर आधी उलट प्रश्न विचारतात, ‘‘पाणी महापालिकेचं की टँकरचं?’’

चौकट: कोणाचं कोणाशी जमतं?

रॅमची जोडी: मऊ पाणी, २७ ते ३० अंश. सोबत आठ-दहा रमीनोज किंवा कार्डिनल टेट्रा. ते वरच्या-मधल्या थरात फिरतात, त्यामुळे रॅमही बिनधास्त बाहेर येतात. निऑन टेट्रा नकोत, त्यांना थंडावा लागतो.

अ‍ॅपिस्टोग्रामा कॅकाटुऑइडिस: मऊ पाणी, भरपूर करवंट्या. याचा नर मुळात अनेक माद्यांचा दादला. तो गोतावळा हवा तर तीन फुटी टाकी घ्या, दोन फुटांत एकच जोडी. पिल्लं झाली की मादी पिवळीधमक होते आणि नरालाही पळवून लावते. सोबत पेन्सिलफिश.

बोलिव्हियन रॅम: रॅमपेक्षा काटक आणि शांत, पण २३ ते २६ अंशांत खूश. एसी खोलीत टाकी असेल आणि ती तीन फुटी असेल तर पहिल्यांदाच मासे पाळणाऱ्यासाठी उत्तम.

क्रिबेन्सिस: पश्चिम आफ्रिकेतला, बऱ्याच प्रकारच्या पाण्यात निभावतो. मादीचं पोट चेरीसारखं लाल. पिल्लं असताना शेजारी कोणीही खपत नाही. दोन फुटांत जोडी एकटीच ठेवा.

मल्टी शेल ड्वेलर: जड पाणी, बारीक वाळू, माशांच्या संख्येपेक्षा जास्त शंख. सोबत कोणीही नको.

एकत्र नकोच: दोन जातींचे ड्वार्फ सिक्लिड, पर कुरतडणारे टायगर बार्ब, हातभर वाढणारा सकर फिश.

आणि हे कधीच नको: जमलं नाही म्हणून मासे मासुंदा, उपवन किंवा उल्हास नदीत सोडणं. चिलापीचा मोझांबिकी प्रकार १९५२ मध्ये भारतात आणला गेला आणि आज तो देशभरच्या तळ्यांत-नद्यांत स्थानिक माशांची जागा अडवून बसलाय. नको असलेला मासा दुकानात परत द्या किंवा दुसऱ्या हौशी माणसाला. तळी आधीच भरलेली आहेत.