घुमट आणि कागद

माझा बा नागपूरच्या हायकोर्टाला ‘घुमटाचं घर’ म्हणायचा. धुऱ्याच्या भांडणाचा आमचा दावा भंडाऱ्याहून अपिलात तिथवर गेला, तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा. बा पहिल्या एसटीनं निघायचा. एका फडक्यात शिदोरी, दुसऱ्यात कागद. सिव्हिल लाइन्समध्ये मी मान मोडेस्तोवर घुमट पाहायचो. एवढा दगड, एवढी सावली. आणि आम्ही बाहेर झाडाखाली.

“आत कायले नाही जायचं, बा?”

“आपले कागद गेले नं आत, बाबू. तिथं कागदच बोलते. माणूस नाही बोलत.”

दावा आम्ही हरलो. धुरा गावातच कागदावर चुकीचा चढला होता. दुसऱ्या अपिलात कायद्याचा मुद्दा पाहतात, धुरा पुन्हा मोजत नाहीत.

इमारतीचा इतिहास भारदस्त आहे. १९३६ साली नागपूरला स्वतःचं हायकोर्ट मिळालं. १९३७ ला पायाभरणी, १९४० ला उद्घाटन. नकाशा हेन्री मेडचा, नवी दिल्ली उभारणाऱ्या गोऱ्या वास्तुकारांतला हा एक. व्हाइसरॉय लिनलिथगो तिला ‘दगडातली कविता’ म्हणाला. दगड वाहणाऱ्यांची नावं मात्र मला कोणी सांगितली नाहीत. १९५६ ला राज्यांची फेररचना झाली नि ते मुंबई हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ झालं. त्याच वर्षी, त्याच शहरात, १४ ऑक्टोबरला आपण माणूस झालो.

आता ह्या कवितेचं पुढचं कडवं वाचा. २९ सप्टेंबर २००६. आमच्याच जिल्ह्यातलं, मोहाडी तालुक्यातलं खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातले चौघे मारले. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी नि दोघांना जन्मठेप दिली. १४ जुलै २०१० ला ह्या खंडपीठानं फाशी काढून पंचवीस वर्षांची कैद दिली. अॅट्रॉसिटी कायदा खालीही लागला नाही, वरही नाही. म्हणे सूडापोटी मारलं, जातीपोटी नाही!

दोस्तहो, १९८९ च्या त्या कायद्यात अशा खुनासाठी ‘जातीच्या कारणावरून’ हे सिद्ध करावं लागे. २०१५ ची दुरुस्ती झाली. आता मारला तो दलित आहे हे मारणाऱ्याला ठाऊक होतं, एवढं दाखवलं तरी कलम लागतं. पण तेही कागदावर यावं लागतं.

म्हणून सांगतो, घुमटाला शिव्या देऊन भागत नाही नि हात जोडूनही भागत नाही. खटल्याचा जीव जातो पोलीस ठाण्यात, पहिल्या रात्री. जातीवरून दिलेली शिवी फिर्यादीत जशीच्या तशी उतरत नाही तेव्हा. पंच त्यांचेच असतात तेव्हा. तुमच्या गावात काही घडलं तर भाषण मागून करा. आधी ठाणं गाठा. लिहिलेलं वाचून घ्या, मगच अंगठा नाहीतर सही. एफआयआरची नक्कल मागा. ती फिर्यादीला फुकट मिळते, कायद्यानं.

जय भीम!