सातास सहा

औरंगाबादच्या गुलमंडीत १९४८ सालापर्यंत, आणि त्यानंतरही काही वर्षे, जो रुपया हातोहात फिरत होता तो मुंबई-पुण्याचा नव्हता. तो निजामाचा होता. सरकारी कागदावर त्याचे नाव ‘सिक्का उस्मानिया’, पण बाजारात त्याला सगळे हाली म्हणत. इंग्रजी हद्दीतला रुपया तो कलदार. सात हाली मोजले की सहा कलदार मिळत. सुपारी हनुमानापासून सराफ्यापर्यंतच्या व्यवहारात हे सातास सहाचे गणित हालीच्या कपाळी लिहिलेलेच असे.

दिसायला हाली देखणा होता. एका अंगाला चारमिनार आणि त्याच्या मधल्या कमानीत एकच अक्षर. निजाम मीर महबूब अलींच्या काळात ते ‘मीम’ होते, त्यांच्यानंतरच्या उस्मान अलींच्या काळात ‘ऐन’ झाले. १९१८ साली, महायुद्धाने चांदीची टंचाई पडलेली असताना, हालीला कागदाचेही रूप मिळाले. त्या नोटांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्येही रक्कम लिहिलेली असे. ज्या राज्याने आपल्या विद्यापीठाचे माध्यम उर्दू ठरवले, त्याला नोटेवर मात्र मराठीला जागा द्यावी लागली, कारण पैठण-जालन्याच्या शेतकऱ्याने नोट हातात धरली नाही तर ती चालणार कशी? हालीची ही बाजू मला फार मोलाची वाटते. सत्ता निजामाची असली तरी तो चालत होता रयतेच्या विश्वासावर.

त्याला हलका म्हणणाऱ्यांनी त्याचे वजन पाहावे. चांदीचा हाली सुमारे ११.१८ ग्रॅमचा, त्यात चांदी शेकडा ८१.८. कलदार ११.६६ ग्रॅमचा, चांदी शेकडा ९१.७. म्हणजे हालीत निव्वळ चांदी ९.१४ ग्रॅम, कलदारात १०.६९. पहिलीला दुसरीने भागले की ०.८५५ येते, आणि सहाला सातने भागले की ०.८५७. हाली चांदीत जितका उणा होता, जवळजवळ तितकाच भावात उणा होता. त्यात लबाडी नव्हती.

दर मात्र पहिल्यापासून असा स्थिर नव्हता. १८९३ साली इंग्रजांनी आपल्या टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. त्यामुळे कलदाराचा भाव चांदीपासून सुटला, आणि हाली मात्र चांदीबरोबर घसरत राहिला. १९०४ च्या सुमारास हैदराबादने यंत्रावर पाडलेली चारमिनारी नाणी आणली आणि पुढे हळूहळू शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली हा दर पक्का बसला. नंतरची गोष्ट अधिक बोलकी आहे. दुसऱ्या महायुद्धात कलदारातली चांदी निम्म्यावर आली, हालीतलीही उतरली, १९४७ मध्ये तर कलदार निकेलचा झाला. ज्या चांदीवर हा हिशेब उभा होता ती गेली, तरी सातास सहा तसेच राहिले.

या दरात एक खोच होती, आणि तिचा भार कायम हालीवाल्यावर पडे. एका कलदाराचे हाली करा: एक रुपया, दोन आणे, आठ पै. चोख हिशेब, बाकी काही नाही. आता एका हालीचे कलदार करा: तेरा आणे, आठ पै आणि वर एका पैचे सातातले चार भाग. असे नाणे कुठल्याच टांकसाळीत पडत नव्हते. सात-सातच्या पटीत रक्कम नेली तरच हिशेब फिटे. एरवी तो तुकडा कुणाच्या तरी पदरात पडायचा, आणि वरून बट्टा होताच. मोठ्या पेढीला याचे काही वाटत नसे. पण पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला निघालेल्या वारकऱ्याचा विचार करा. पैठण निजामाचे, पंढरपूर इंग्रजांचे. एकाच विठोबाच्या वाटेवर त्याच्या गाठीचे पैसे मध्येच बदलायचे. गुलमंडीतला कापडवाला मुंबईच्या गिरणीचा माल आणायला १९०० साली सुरू झालेल्या रेल्वेने मनमाडला जाई, आणि मनमाड म्हणजे कलदाराचा मुलूख. पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाच्या बापाला तर दर महिन्याला सात मोजून सहा पाठवावे लागत.

हालीच्या आयुष्यातला सर्वांत वाईट काळ १९४७ च्या अखेरीस आला. २९ नोव्हेंबरला निजामाचा भारताशी जैसे थे करार झाला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत निजाम सरकारने वटहुकूम काढून संस्थानात भारतीय रुपया बेकायदा ठरवला. आजवर हाली हे व्यवहाराचे साधन होते. आता त्याला राज्याच्या हट्टाचे हत्यार करण्यात आले. यात दोष हालीचा नव्हता, असे मी आवर्जून म्हणेन. ज्या लोकांना निजामाचे राज्य नको होते त्यांच्याही घामाचे मोल हालीतच होते, आणि त्यांच्या बायकांनी डब्यात साठवलेला पैसाही हालीच होता.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, राज्य गेले, पण हाली लगेच गेला नाही. २६ जानेवारी १९५० पासून भारतीय रुपया त्याच्या शेजारी येऊन बसला, दर तोच. पगार, कर्ज, वाडे-दुकानांची भाडी, सगळे त्या दराने उतरवले गेले. हे न्याय्य होते असे मला वाटते. गरिबाचा साठलेला पैसा एका रात्रीत मातीमोल करायचे टाळले गेले. पुढे हाली काढणे थांबले आणि १९५९ मध्ये त्याचे चलन संपले. त्याआधी १९५७ च्या एप्रिलमध्ये नवे पैसे आले होते. तिथेही एक हाली ८५ नवे पैसे आणि पाच सप्तमांश भरत होता. बाकी दशमानातही सुटली नाही.

गुलमंडीच्या आसपासची जुनी खरेदीखते अजून कपाटांतून निघतात. त्यांत रक्कम सिक्का उस्मानियात असते आणि साल फसली असते. सालात ५९० मिळवावे, म्हणजे १३५० फसली हे १९४०-४१ येते. रकमेला आधी सहाने गुणावे, मग सातने भागावे. सात हजारांना घेतलेला वाडा कलदारात सहा हजारांचा होता.