पैसा येतो कोठून?

गेल्या डिसेंबरात आमच्या शाळेची सहल माळव्यात गेली होती. उज्जैन पाहून आम्ही देवासला मुक्कामास आलो. हे गाव मुलांना फार आवडले. टेकडीवर मोठ्या व धाकट्या देवीची स्थाने, आणि खाली एकाच गावात पूर्वी नांदलेली पवारांची दोन राज्ये, थोरली पाती व धाकटी पाती! एका गावात दोन राजे आणि दोन दरबार कसे नांदले असतील, याची मुलांत मोठी चर्चा झाली.

दुसऱ्या दिवशी आमची गाडी बँक नोट प्रेसच्या कुंपणाजवळून चालली होती. १९७४ साली सुरू झालेल्या या छापखान्यात देशाच्या चलनी नोटा छापल्या जातात, असे आम्ही सांगताच गाडीतील गलबला एकाएकी थांबला. मग नववीतील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, नोटा जर सरकारच छापते, तर आमच्या वाडीची शाळा चालवायला पैसे नाहीत असे का म्हणतात?"

मुले हसली. आम्हांला मात्र हसू आले नाही. त्या मुलाची वाडी डोंगरापलीकडे आहे. तेथील प्राथमिक शाळेच्या पटावर नऊ मुले असून त्यांत त्याची धाकटी बहीण आहे. पट कमी, खर्च परवडत नाही, तेव्हा ही शाळा मोठ्या गावच्या शाळेत मिळवावी, असे बोलणे वर्षभर चालले आहे. तसे झाले तर सहा-सात वर्षांच्या मुलांना भर पावसात दोन वहाळ ओलांडावे लागतील. आम्हीही अशाच एकशिक्षकी शाळेत शिकलो. आमच्या घरात कोंकणी बोलतात. ज्या मराठीत आज आम्ही हे लिहीत आहो, ती आम्हांला त्या शाळेने दिली. तेव्हा हा प्रश्न हसण्यावारी नेणे आम्हांला शक्य नव्हते.

आम्ही म्हणालो, "समज, आपल्या बाजारात शंभरच नारळ आहेत आणि लोकांच्या हातांतील नोटा मात्र एका रात्रीत दुप्पट झाल्या. नारळ दोनशे होतील काय?"

"नाही सर. भाव दुप्पट होईल."

"म्हणजे नोट हे धन नव्हे, ते धन मोजण्याचे माप आहे. मापे वाढवून धान्य वाढत नाही. सरकारचा खर्च मुख्यतः लोकांनी दिलेल्या करांतून चालतो आणि तो पुरला नाही म्हणजे कर्ज काढावे लागते. तूही कर भरतोसच. साबणाची वडी घेतलीस की तिच्या किमतीत कर आलाच."

संध्याकाळी आम्ही एका मराठी गृहस्थांकडे उतरलो होतो. माळव्यात त्यांच्या कित्येक पिढ्या गेल्या आहेत. मुलाचा प्रश्न ऐकून त्यांनी कपाटातून घराच्या कराची पावती काढली आणि त्याच्या हाती दिली. संपत्ति कर, समेकित कर अशा ओळींखाली एक ओळ होती: शिक्षा उपकर. आपल्या महाराष्ट्रातही १९६२ च्या कायद्याने शहरांतील जमिनी व इमारती यांवर शिक्षणासाठी कर बसविलेला आहे. मुलगा ती ओळ पुनःपुन्हा वाचीत राहिला. शाळा हे कोणी घातलेले दान नसून आपल्याच घरांतून गेलेल्या पैशांचे रूप आहे, हे आमच्या सांगण्याने त्याला जेवढे पटले नसते तेवढे त्या पावतीने पटले.

रात्री माळव्याची थंडी पडली. अंगणात शेकोटीभोवती बसून आम्ही मुलांना याच गावच्या एका राजाची हकीकत सांगितली. थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव तिसरे हे बुद्धिमान व स्नेहशील गृहस्थ होते. इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर १९२१ साली त्यांचे खासगी चिटणीस होते आणि त्या दिवसांवर त्यांनी १९५३ साली एक पुस्तकही प्रसिद्ध केले. नवा राजवाडा बांधून पुरा होण्यापूर्वीच त्याचे जुने भाग ढासळू लागले होते, असे त्यांनी नमूद केले आहे. खर्च वाढत गेला, खजिना रिता झाला, आणि अखेरीस महाराज राज्य सोडून पाँडेचेरीस जाऊन राहिले. १९३७ साली तेथेच त्यांचा अंत झाला. राजाची थैली आणि प्रजेची थैली यांच्यामध्ये हिशेबाची भिंत नसेल, तर भले मनही कामी येत नाही. उलट सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदे संस्थानात सर्वत्र सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि त्याचा खर्च संस्थानच्या महसुलातून चालविला.

"पण सर, पैसा खरोखरच कमी असेल तर?" त्या मुलाचे समाधान झाले नव्हते.

तेव्हा आम्हांला आपल्या कोकणातील कोतळूकच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांची आठवण झाली. गोखले हे पेशाने शिक्षक. त्यांनी शाळेसाठी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक देशभर चालले. पुढे कायदेमंडळात गेल्यावर त्यांनी सरकारचे अंदाजपत्रक हीच आपली पाटी केली. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्यात केवळ मागणी नव्हती, बेरीजही होती. खर्चाचे दोन हिस्से सरकारने व एक हिस्सा स्थानिक संस्थेने उचलावा आणि त्यासाठी स्थानिक संस्थेस शिक्षणपट्टी बसविता यावी, अशी योजना होती. पैसा नाही असा आक्षेप येताच, आयातमालावरील शेकडा पाच जकात साडेसात करा, हे उत्तर त्यांनी दिले. १९ मार्च १९१२ रोजी ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. गोखले मतांनी हरले. त्यांचे गणित मात्र चुकले नव्हते.

परंतु कर बसविला म्हणजे काम संपले, असेही नाही. १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे हीच तक्रार मांडली होती. सरकारचा महसूल बहुतांशी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या थरांना मिळतो, हे त्यांचे म्हणणे होते. आपल्या काळातही असेच घडले आहे. केंद्र सरकारने २००४ साली करांवर शेकडा २ शिक्षण उपकर बसविला, आणि २००७ साली माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी आणखी शेकडा १. प्राथमिक शिक्षणासाठी वेगळा कोश लवकरच निर्माण झाला. माध्यमिक शिक्षणाच्या कोशास मात्र २०१७ साल उजाडावे लागले. दहा वर्षे कर येत होता आणि त्याला वेगळी पेटी नव्हती! कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाचा शेकडा ६ भाग शिक्षणावर खर्चावा असे सुचविले. तो आकडा १९६८, १९८६ आणि २०२० च्या धोरणांत पुनःपुन्हा आला, पण गाठला गेला नाही.

काटकसर करण्याची वेळ आली की हात पहिल्यांदा शाळेकडे का जातो? पूल पडला तर दुसऱ्या दिवशी कळते. शिक्षकाची जागा रिकामी राहिली, तर तिचे नुकसान वीस वर्षांनी दिसते आणि तोपर्यंत ते कोणाच्याच खात्यावर मांडता येत नाही. आमच्या विद्यालयात विज्ञानाचे शिक्षक निवृत्त झाल्यापासून ती जागा भरलेली नाही. प्रयोगशाळेतील परीक्षानळ्या आम्ही मोजून वापरतो. म्हणून शाळेच्या पैशाला दोन गोष्टी हव्यात: त्याचा स्वतःचा निश्चित झरा, आणि तो वाटेत मुरू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून पाहणारे लोक. पहिली गोष्ट कायदा करतो. दुसरी तुम्हां-आम्हांलाच करावी लागते.

सहलीहून परतल्यावर त्या मुलाने वहीचे एक पान आमच्यापुढे ठेवले. त्यावर त्याने तीन प्रश्न लिहिले होते. वाडीच्या शाळेवर वर्षाला किती खर्च होतो? ती बंद केल्याने त्यातील किती वाचेल? आणि नऊ मुलांना रोज नेण्या-आणण्यासाठी त्या वाचलेल्या पैशांतील किती लागेल? आम्ही त्यात एक शुद्धलेखनाची चूक तेवढी दुरुस्त केली. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत त्याच्या वडिलांनी ते पान उभे राहून वाचून दाखविले. आकडे कोणाजवळच तयार नव्हते. ते मागवावेत असे ठरले आणि तोवर शाळा हलवू नये, असा ठराव झाला.

पुढे काय होईल ते आज सांगता येत नाही. परंतु विद्यार्थिमित्रांनो, "पैसे नाहीत" हे वाक्य तुम्हांला आयुष्यात पुष्कळदा ऐकावे लागेल. ते ऐकून गप्प बसू नका आणि रागावूही नका. पाटी-पेन्सिल घ्या आणि नम्रपणे विचारा: आला किती, गेला कोठे? त्या वाडीच्या शाळेची घंटा आज सकाळीही वाजली आहे.